मँचेस्टर युनायटेडवर चिडायचं तर आता नेमकं कोणावर चिडायचं?

डावा_बॅक

खरं तर २१ मे २०२५ ला बिल्बाओला युरोपा लीगची फायनल स्पर्सकडून (टॉटनहॅम) हरलो त्या रात्रीच हे लिहायला बसलो होतो पण तेव्हा जे टाइप केलं ते चारचौघांत दाखवण्यासारखं नव्हतं म्हणून पुसलं आणि झोपलो. म्हटलं सीझन संपला, आता दोन महिने डोक्याला शांतता. कुठलं काय. २८ मेला क्वालालंपूरला आसियान ऑल स्टार्स म्हणून एका मॅचपुरती गोळा केलेली टीम, तिच्याकडून १-० हरलो, आणि पैसे मोजून लाल शर्ट घालून आलेल्या पब्लिकने हुर्यो उडवली. त्याच रात्री कॉन्फरन्स लीगची फायनल होती, चेल्सी विरुद्ध बेटिस. चेल्सीकडे आपला सँचो, बेटिसकडे आपला अँटनी, दोघंही लोनवर, म्हणजे तात्पुरते दिलेले. आणि सँचोने गोल मारला! म्हणजे आपला माणूस युरोपियन फायनलमध्ये गोल मारतो, फक्त दुसऱ्याच्या शर्टात.

हिशोब सगळ्यांना माहितीये तरी मांडतो कारण मांडल्याशिवाय मलाच खरं वाटत नाही. १५वा नंबर. ४२ पॉइंट. ३८ पैकी १८ मॅच हरलो. १९७४ ला खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो होतो, त्यानंतर इतके खाली कधीच नव्हतो. स्पर्स १७वे आले, लीगमध्ये आपल्यापेक्षा वाईट, आणि त्यांच्याकडून आपण एका सीझनमध्ये चार वेळा हरलो, चौथ्यांदा थेट फायनलमध्ये. आता पुढच्या वर्षी युरोप नाही, मंगळवार-बुधवार मोकळे.

आता प्रश्न. २०१३ पासून प्रत्येक मॅनेजरच्या वेळी ‘हाकला याला’ म्हणून बोंबलणाऱ्यांत मी पहिला. मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, ओले, टेन हाग, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या, आणि प्रत्येक वेळी नवीन माणूस आला की दोन महिने वाटायचं, आला रे आला, हाच तो. आता लोक अमोरिमला हाकला म्हणतायत (२७ लीग मॅचमध्ये ७ विजय, त्यातले ३ खाली गेलेल्या टीम्सविरुद्ध, म्हणजे म्हणणारे काही खोटं म्हणत नाहीत) पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून ते निघत नाहीये. सहा माणसं एकाच खड्ड्यात पडली तर माणसांना दोष द्यायचा का खड्डा खणणाऱ्याला?

तर सांगा, दोषी कोण? मालक ग्लेझर, त्यांचा नवा भागीदार रॅटक्लिफ, जुना कारभारी वुडवर्ड, प्लेयर? आणि फॅन म्हणून आपण करायचं काय, नुसतं जळत बसायचं?

स्ट्रेटफर्ड_काका

चोर सोडून संन्याशाला फाशी, १२ वर्षं हेच चाललंय. मी फर्गीच्या (अॅलेक्स फर्ग्युसन, २०१३ पर्यंतचा मॅनेजर) आधीपासूनचा आहे, रॉन अॅटकिन्सनची टीम पाहिलेला, त्यामुळे तुम्हा पोरांना जरा मागचं सांगतो.

२००५ च्या आधी क्लबवर म्हणण्यासारखं कर्ज नव्हतं. ग्लेझर कुटुंबाने साधारण ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, पण त्यातला मोठा भाग उधारीचा, आणि ती उधारी त्यांच्या नाही तर क्लबच्या बोडक्यावर. म्हणजे बघा, मी तुझं घर विकत घेणार, त्यासाठी कर्ज तुझ्याच घरावर काढणार, हप्ते तू भरणार, आणि वर दरवर्षी माझा खर्चाला म्हणून हात पुढे. २० वर्षं व्याज चाललंय आणि मूळ कर्ज अजून तिथेच बसलंय. २०१२ ला न्यूयॉर्कला शेअर विकायला काढले, तेव्हा वाटलं आता कर्ज फिटेल, तर आलेल्या पैशातले अर्धे ग्लेझरांच्या खिशात. आणि त्यांच्या शेअरला एकाला दहा मतं! तुम्ही आम्ही शेअर घेऊन काय उपटणार.

आता गंमत ऐका, हे सगळं सुरू झालं एका घोड्यावरून. मॅग्नियर आणि मॅकमॅनस या दोन आयरिश लोकांकडे क्लबचे २८ टक्क्यांच्या वर शेअर होते. मॅग्नियर आणि फर्गीचं रॉक ऑफ जिब्राल्टर नावाच्या रेसच्या घोड्यावरून वाजलं, घोड्याच्या पैदाशीच्या कमाईत कोणाचा वाटा किती यावरून कोर्टापर्यंत गेलं. २००४ ला तडजोड झाली पण मन फाटलं ते फाटलंच, आणि २००५ ला त्या दोघांनी आपला वाटा ग्लेझरला विकला, मग त्याला कोण अडवणार. फर्गी देव आहे माझा, पण या बाबतीत देवाचं चुकलं.

जोवर ते कुटुंब आहे तोवर गार्डिओलाला आणून बसवा, काही फरक पडणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

ऑफसाइड_ट्रॅप

काकांबद्दल पूर्ण आदर आहे पण ही ‘सगळं ग्लेझरने केलं’ ची कॅसेट मला आता पटत नाही. कर्ज फर्गीच्या वेळी पण होतं ना? २००८ ला चॅम्पियन्स लीग जिंकलो तेव्हा पण होतं. आणि नंतर पैसा खर्च केला नाही असंही नाही, ढिगाने केला. प्रश्न पैशाचा नाहीये, तो कोण आणि कुठे घालवतंय याचा आहे.

२०१३ च्या उन्हाळ्यात फर्गी गेला, आणि त्याच उन्हाळ्यात क्लबचा मुख्य कारभारी डेव्हिड गिल पण गेला, हे लोक विसरतात. ज्याला माहिती होतं कोणाला फोन करायचा तो माणूस पण गेला आणि त्याच्या जागी आला वुडवर्ड, जो मूळचा बँकर, ग्लेझरांच्या त्या खरेदीतच सल्लागार होता. त्याने खरेदीच्या पहिल्याच विंडोमध्ये फेलायनीला घेतलं. फेलायनीच्या करारात कलम होतं, जुलै संपायच्या आत साडेतेवीस मिलियन पौंडांना मिळत होता. आपण शेवटच्या दिवशी साडेसत्तावीसला घेतला. घरातली बाई भाजी घेताना सुद्धा यापेक्षा जास्त डोकं लावते (मी बाईच आहे, मला चालतं बोललेलं).

मग पोग्बा. २०१२ ला फुकट गेला, २०१६ ला ८९ मिलियनला परत आणला, वर्ल्ड रेकॉर्ड म्हणून मिरवलो, आणि २०२२ ला पुन्हा फुकट गेला. एकच माणूस दोनदा फुकट घालवला! सांचेझ, एवढा पगार आणि ४५ मॅचमध्ये ५ गोल. मग्वायर ८० मिलियन, अँटनी ८० च्या वर. व्हॅन गालला एक स्टाइल हवी म्हणून एक माल, मोरिन्योला दुसरी म्हणून दुसरा, ओलेला तिसरी, टेन हागला त्याच्या जुन्या क्लबचे, आयॅक्सचे ओळखीचे चेहरे. प्रत्येक जावयाच्या आवडीप्रमाणे स्वयंपाक आणि जावई दर दोन वर्षांनी बदलतोय, मग फ्रीजमध्ये जे साठलंय ती आपली टीम.

आणि ज्याने मला खरंच रडवलं ते म्हणजे मॅकटॉमिने. लहानपणापासून आपल्याकडे, २०२४ ला ‘प्युअर प्रॉफिट’ म्हणून नापोलीला विकला, कारण अकॅडमीचा पोरगा विकला की हिशोबाच्या वहीत पूर्ण रक्कम नफा दिसते. आपण बिल्बाओला हरलो २१ मेला, आणि २३ मेला हा नापोलीला लीग जिंकून देतोय, कालियारीविरुद्ध हवेत आडवा होऊन गोल, वर सेरी आचा, म्हणजे इटालियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. आपल्याकडे मात्र स्ट्रायकर होयलुंड अख्ख्या लीगमध्ये ४ गोल. हे ग्लेझरने नाही केलं, हे नवीन शहाण्यांनी केलं.

लिव्हरबर्ड

पाणी वगैरे मिळेल का इथे, लांबून आलोय, लिव्हरपूलहून. २० टायटल घेऊन.

डावा_बॅक

@लिव्हरबर्ड आलास का मीठ चोळायला. तुमचे २० झाले आणि आमचे २० वर अडकलेत, हे रोज आरशात बघतो मी, तू वेगळं सांगायची गरज नाही.

लिव्हरबर्ड

बरं सिरियसली बोलतो, कारण तुमच्या जागी मी बसून आलोय. २००७ ला आमच्याकडे हिक्स आणि जिलेट हे मालक आले, तीच गोष्ट, उधारीवर खरेदी, व्याज क्लबने भरायचं, नवीन स्टेडियमचं गाजर दाखवलं आणि फावडं काही पडलं नाही. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये टीम चक्क खालच्या तीनमध्ये होती आणि क्लब दिवाळखोरीच्या दारात. कोर्टकज्जे होऊन ३० कोटी पौंडांना विकला गेला तेव्हा सुटलो.

पण सुटलो म्हणजे लगेच सगळं छान झालं असं नाही हे तुम्ही लक्षात घ्या. नवीन मालकांनी पण अँडी कॅरोलला ३५ मिलियन दिले होते! फरक हा की त्यांनी नंतर ठरवलं की खरेदी कोण करणार, आणि एकदा ठरवल्यावर त्यात दर वर्षी लुडबुड केली नाही. आमचा मॅनेजर क्लॉप, त्याला म्हणे २०१७ ला ब्रांट हवा होता, खरेदीवाल्यांनी सांगितलं सालाह घे. क्लॉपसारखा माणूस ऐकतो म्हणजे बघ. मग क्लॉप गेला तेव्हा आम्हाला वाटलं संपलं आता, तर स्लॉट आला आणि खेळायला नवीन असा एक किएझा घेतला, तो पण बहुतेक वेळ बेंचवर, आणि लीग जिंकलो. कारण टीम मॅनेजरची नव्हती, क्लबची होती. तुमच्याकडे मॅनेजर गेला की टीम पण अनाथ होते.

आणि ३० वर्षं लागली आम्हाला, १९९० ते २०२०. तुमची आत्ता कुठे १२ झालीत. बसा निवांत.

स्ट्रेटफर्ड_काका

हे पोरगं उद्धट आहे पण खोटं बोलत नाहीये.

ताळेबंद

एक दुसरी बाजू मांडतो, शिव्या बसणार माहितीये. माझं रोजचं काम हिशोबाचं आहे त्यामुळे मला रॅटक्लिफचं थोडं तरी पटतं. तो फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, क्लबचा पाव हिस्सा आणि जरा वर घेतला, फुटबॉलचा कारभार त्याच्या हातात. त्याने उघड सांगितलं की असंच चाललं असतं तर २०२५ च्या अखेरीस क्लबकडची रोख संपली असती. युनायटेडची रोख संपणार! हे ऐकायला भयंकर आहे, पण जुने करार, जुने हप्ते, घेतलेल्या प्लेयर्सचे राहिलेले पैसे, हे सगळं त्याच्या आधीचं. उशी-गादीचा पार्टनर, नूडल्सचा पार्टनर, ट्रॅक्टरचा पार्टनर असे जगभर पार्टनर जमवून पण ही अवस्था असेल तर कोणीतरी कधीतरी कात्री हातात घेणारच होतं. अँटनी, सँचो, कॅसेमिरोचे पगार त्याने नव्हते ठरवले.

आणि १ लाख क्षमतेचं नवीन स्टेडियम बांधायचं म्हणतोय, २ अब्ज पौंडांचं. आत्ताच्या ओल्ड ट्रॅफर्डचं छत पावसात धबधब्यासारखं गळतं, तेव्हा कोणीतरी हात घातला हे बरंच की.

ऑफसाइड_ट्रॅप

@ताळेबंद दादा, कात्री चालवली कुठे ते पण सांगा ना. आधी २५० लोकांना काढलं, मग २०२५ मध्ये अजून २०० पर्यंत काढणार म्हणाले. कँटीनमधलं स्टाफचं फुकट जेवण बंद, त्याऐवजी फळं खा. फर्गीचा क्लबचा राजदूत म्हणून असलेला पगारी करार बंद. सीझनच्या मध्यात तिकीट सरळ ६६ पौंड, लहान मूल असो की पेन्शनवाला म्हातारा, सवलत नाही.

आणि दुसऱ्या हाताने काय केलं? २०२४ च्या उन्हाळ्यात टेन हागला ठेवायचा की नाही हे ठरवत बसले, बाजारात दुसऱ्यांशी बोलून आले, कोणी जमेना म्हणून शेवटी त्याचाच करार वाढवला. त्याच्या पसंतीचे डी लिख्त, मझरावी घेऊन दिले. आणि २८ ऑक्टोबरला त्याला काढलं! स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून अॅशवर्थला न्यूकॅसलकडून भांडून, पैसे देऊन, महिनोन्‌महिने वाट बघून आणला, आणि पाच महिन्यांत तो पण गेला. या दोन प्रकरणांत मिळून १ कोटी ४५ लाख पौंड गेले. किती जणांचं जेवण झालं असतं हो त्यात? सफरचंदं सुद्धा नकोत मग.

मला कात्रीचं वाईट वाटत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, याचं वाटतं.

ताळेबंद

ते अॅशवर्थचं मला पण डिफेंड करता येत नाही. तिथे गप्प बसतो.

थ्रो_इन

मला कोणी सांगेल का की अमोरिमची यात चूक किती? कारण तो ३-४-३ (मागे तीनच बॅक) सोडायला तयार नाही आणि त्याला लागणारा विंगबॅक (कडेने वर-खाली पळणारा) नावाचा प्राणीच आपल्याकडे नव्हता जानेवारीपर्यंत. हट्ट आहे की नाही हा?

डावा_बॅक

हट्ट आहेच. पण तो ३-४-३ च खेळवतो हे त्याच्या आधीच्या क्लबच्या, स्पोर्टिंगच्या मॅच बघणाऱ्या शेंबड्या पोराला पण माहिती होतं, मग ज्यांनी त्याला आणला त्यांना माहिती नव्हतं का? आधी चार बॅकवाल्या मॅनेजरसाठी खरेदी करायची, ऑक्टोबरमध्ये त्याला हाकलायचं आणि त्याच मालावर तीन बॅकवाला आणायचा. तो बिचारा उघड म्हणाला होता की मला सीझन संपल्यावर येऊ द्या, तर याला सांगितलं आत्ता नाहीतर कधीच नाही. जानेवारीत ब्रायटनशी हरल्यावर स्वतःच म्हणाला की क्लबच्या इतिहासातली कदाचित सगळ्यात वाईट टीम आहे ही. कुठला मॅनेजर स्वतःच्या टीमबद्दल असं बोलतो? ज्याची ती टीम नाहीये तोच.

हे लिहिता लिहिता मलाच कळलं की माझ्या तोंडून ‘हाकला’ का निघत नव्हतं. त्याला हाकललं की वरचे सगळे पुन्हा एक वर्ष सुटतात. नवीन मॅनेजर आला की त्याला ‘वेळ द्या’ म्हणायचं, तोवर आपण गप्प, आणि वेळ संपली की तो जातो, हे मात्र तिथेच. दर वेळी माझ्यासारखेच लोक त्यांना ती सुट्टी देत होते.

थ्रो_इन

मग करायचं काय? बघणं बंद?

स्ट्रेटफर्ड_काका

बघणं बंद करून पाहिलं, तीन आठवडे टिकलो.

बाकी तिथल्या लोकांनी करायचं ते सगळं केलंय रे. २००५ ला काही जण एवढे चिडले की सरळ बाहेर पडून स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, एका सभासदाला एक मत, अगदी खालच्या डिव्हिजनपासून सुरुवात. १० वर्षांत स्वतःचं छोटं मैदान उभं केलं. २०१० ला हिरवे-पिवळे स्कार्फ आले, न्यूटन हीथचे (क्लबचं जुनं नाव) मूळ रंग, बेकहॅम मिलानकडून खेळायला आला होता त्याने पण मॅच झाल्यावर गळ्यात घातला. अंगावर काटा आला होता. २ मे २०२१ ला, ते सुपर लीगचं (मोठ्या क्लबांची स्वतःपुरती वेगळी लीग) प्रकरण झालं त्यानंतर, पब्लिक थेट ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसलं आणि लिव्हरपूलची मॅच पुढे ढकलावी लागली. सुपर लीग त्याआधीच एप्रिलमध्ये दोन दिवसांत गुंडाळली होती, वुडवर्डने राजीनामा जाहीर केला होता. म्हणजे अगदीच काही होत नाही असं नाही. पण ग्लेझर गेले का? सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

जर्मनीत ५०+१ चा नियम आहे, एक-दोन अपवाद सोडले तर मतांचा मोठा वाटा सभासदांकडेच राहतो, कोणी धनाढ्य येऊन क्लब उधारीवर उचलून नेऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये हे कधीच नव्हतं आणि आता करून काय, घोडे पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप.

लिव्हरबर्ड

काका पुन्हा घोड्यावर आले 😂

ऑफसाइड_ट्रॅप

मी एवढंच करणार आहे की यावर्षी नवीन शर्ट घेणार नाही. दर वर्षी घेते. कपाटात शेवटचा आहे त्याच्या पाठीवर मॅकटॉमिने लिहिलंय, तोच चालवते.

@डावा_बॅक, वुल्व्ह्जचा कुन्या येतोय म्हणे, ६० मिलियनच्या वर. खूश व्हायचं का नाही ते सांग, मला कळेना.

डावा_बॅक

कालपासून त्याच्या गोलचे व्हिडिओ बघतोय. लाज वाटते सांगायला पण हो, जरा खूश आहे.

थ्रो_इन

काका त्या घोड्याचं पुढे काय झालं? खरंच एवढा भारी होता का भांडण्याइतका?

स्ट्रेटफर्ड_काका

होता बाबा. २००१-०२ मध्ये सलग सात ग्रुप वन (सगळ्यात वरच्या दर्जाच्या) शर्यती जिंकला, ओळीने सात. आणि आपण? गेला अख्खा सीझन तपासून बघ, लीगमध्ये ओळीने दोन मॅच सुद्धा जिंकलेलो नाही.

डावा_बॅक

तपासलं. खरंच नाही जिंकलो.